गाणें कोणाचें? — कॅरोल किंगबाईंची ‘टॅपेस्ट्री’

एखादें गाणें आवडलें म्हणजे तें कोणाचें असें आपण विचारतों, आणि उत्तरादाखल बहुधा गाणाराचें नांव मिळतें. शब्द कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, हें तबकडीच्या मध्यावरील गोल कागदावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. पण तबकडी फिरूं लागली कीं तीं अक्षरें वाचतां येत नाहींत. अमेरिकेंतील कॅरोल किंग या बाईंचें नांव दहा वर्षें अशा फिरत्या अक्षरांत होतें. त्यांनीं बांधलेल्या चाली त्या देशांतील पोरांथोरांच्या तोंडीं होत्या, आणि त्यांचें नांव मात्र धंद्यांतील मंडळींपलीकडे फारसें कोणास ठाऊक नव्हतें. १९७१ च्या फेब्रुवारींत त्यांची ‘टॅपेस्ट्री’ नांवाची लाँग-प्ले तबकडी निघाली आणि ही स्थिति पार पालटली. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगण्याचें विणीव चित्र. ही त्यांच्या नांवावरची दुसरी तबकडी. पहिली आदल्याच वर्षीं बाहेर पडली होती. तिच्याकडे कोणी विशेष लक्ष दिलें नाहीं.

ग्रंथकार असो कीं गायक असो, पहिली कृति गाजते आणि दुसरीच्या वेळीं खरी कसोटी लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पहिलींत आयुष्यभराचें सांठलेलें ओतलेलें असतें. दुसरीसाठीं वर्षदीडवर्षाचीच शिल्लक उरते. किंगबाईंच्या बाबतींत हा हिशेब लागू पडत नाहीं, कारण दुसरी तबकडी करण्यापूर्वीं त्यांच्या गांठीशीं दहा-बारा वर्षांचा धंदा होता. तो धंदा कसला होता हें समजल्यावांचून या तबकडीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं.

कॅरोल क्लाइन हें त्यांचें माहेरचें नांव. जन्म १९४२ सालीं न्यूयॉर्क येथें झाला आणि बालपण त्याच शहराच्या ब्रुक्लिन भागांत गेलें. वडील आगीच्या बंबावर नोकरीस होते. पियानोचे पहिले धडे आईनें दिले. कॉलेजांत जेरी गॉफिन नांवाचा, शब्दांचा नाद असलेला तरुण भेटला, आणि १९५९ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, कॅरोलचें त्याच्याशीं लग्न झालें. पुढच्याच वर्षीं मुलगी झाली. नवरा दिवसा रसायनशाळेंत नोकरी करी आणि संध्याकाळीं दोघें मिळून गाणीं रचीत. शब्द त्याचे, चाल तिची. नील सेडाका नांवाच्या एका समवयस्क गायकानें तिला उद्देशून ‘ओ! कॅरोल’ हें गाणें याच सुमारास गाजविलें होतें. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यांतलें पात्र म्हणून या बाई प्रसिद्ध झाल्या त्या स्वतःच्या नांवानें प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीं!

ब्रॉडवे रस्त्यावरील १६५० क्रमांकाच्या इमारतींत ‘अल्डन म्युझिक’ नांवाची गाणीं पुरविणारी कंपनी होती. तेथें लहान लहान खोल्या पाडलेल्या होत्या आणि त्यांत पियानो ठेवलेले होते. शेजारच्या खोलींत काय चाललें आहे तें भिंतीपलीकडून ऐकूं येई. अमक्या गायकाला नवें गाणें हवें आहे अशी मागणी आली कीं चार-पांच जोड्या एकदमच कामाला लागत, आणि जिचें गाणें पसंत पडे तिचें तेवढ्यापुरतें चांगभलें होई. ही एक प्रकारची गिरणीच म्हणावयाची. पण गिरणींतून निघालें म्हणून तें कापड हलकेंच असेल असें नाहीं. गॉफिन-किंग जोडीचें ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हें गाणें ‘शिरेल्स’ या चार कृष्णवर्णीय मुलींच्या मेळ्यानें गायिलें, आणि १९६१ च्या आरंभीं तें अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. कृष्णवर्णीय मुलींच्या मेळ्याला हा मान त्यापूर्वीं मिळाला नव्हता. पुढच्या वर्षीं मुलांना सांभाळावयास येणाऱ्या मुलीकडूनच त्यांनीं ‘लोकोमोशन’ हें नाचाचें गाणें गाऊन घेतलें. तेंहि पहिल्या क्रमांकावर गेलें.

या धंद्यांतली एक रीत येथें सांगणें अवश्य आहे. तयार झालेलें गाणें गायकाला समजावें म्हणून त्याचें एक कच्चें ध्वनिमुद्रण करीत. त्याला ‘डेमो’ म्हणत. चाल बांधणारानें पियानोशीं बसावयाचें, स्वतःच गावयाचें, आणि कोठें ठेहराव आहे, कोठें जोर आहे, हें दाखवून द्यावयाचें. मूळ गायकाचें ध्वनिमुद्रण झालें कीं डेमोचें काम संपलें. शिंप्यानें कागदाचा बेत कापावा, तो कापडावर ठेवून कापड कापावें आणि मग कागद टाकून द्यावा, तसलाच हा प्रकार. कंपनीच्या लॉस एंजेलिस येथील शाखेचा कारभार लू अ‍ॅडलर नांवाच्या गृहस्थांकडे होता. न्यूयॉर्कहून आलेले डेमो लोकांना ऐकवून ते परत मागून घेण्याचें काम त्यांच्याकडे असे. किंगबाईंचे डेमो मात्र लोक परत देईनात. गाणें घेवोत न घेवोत, तो कागदाचा बेतच ते ठेवून घेत आणि घरीं लावून ऐकत. अ‍ॅडलर यांच्या हें ध्यानांत राहिलें. किंगबाईंच्या स्वतःच्या मात्र तें ध्यानांत आलें नसावें. १९६२ सालीं एका गायकासाठीं केलेला असाच एक डेमो त्यांच्याच नांवानें बाजारांत आला आणि इंग्लंडांत तर बराच गाजला, तरीहि आपण गाणाऱ्या नव्हें, चाली करणाऱ्या, हा त्यांचा समज पक्का होता.

१९६४ सालीं बीटल्स मंडळी अमेरिकेंत आली. तीं मुलें आपलीं गाणीं आपण रचीत. (आरंभीं त्यांनींहि गॉफिन-किंग यांचें एक गाणें आपल्या तबकडींत घेतलें होतें, ही गोष्ट निराळी.) गायकानें स्वतःचेंच गाणें गावें अशी मागणी वाढली आणि गाणीं पुरविणाराचा धंदा बसूं लागला. तरी १९६७ सालीं अरीथा फ्रँकलिन यांच्यासाठीं या जोडीनें ‘अ नॅचरल वुमन’ हें गाणें करून दिलें, आणि कित्येक जाणकारांच्या मतें तें त्यांचें सर्वांत श्रेष्ठ गाणें आहे. पण तोंवर संसाराला तडा गेला होता. १९६८ सालीं घटस्फोट झाला. दोन लहान मुली बरोबर घेऊन किंगबाई देशाच्या दुसऱ्या टोंकाला, लॉस एंजेलिस शहरीं, राहावयास गेल्या. वय अवघें सव्वीस.

तेथें लॉरेल कॅन्यन नांवाच्या डोंगराळ वस्तींत तरुण गवई-कवींची वसाहतच झाली होती. त्यांतल्या दोघांना घेऊन त्यांनीं ‘सिटी’ नांवाचा मेळा काढला. एक तबकडीहि केली. पण रंगमंचावर उभें राहावयाचें म्हटलें कीं बाईंना धडकी भरे. प्रयोग होत नाहींत तेथें तबकडी कोण घेणार? मेळा मोडला. मग १९७० सालीं पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. तिचें नांवच मुळीं ‘रायटर’, म्हणजे लिहिणारी. गाणारी म्हणवून घेण्याचा धीर तेव्हांहि झाला नव्हता, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो चूक ठरूं नये.

तो धीर जेम्स टेलर या तरुण गायकानें दिला. किंगबाई त्याच्या मेळ्यांत पियानोची साथ करीत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजांत, म्हणजे ज्या कॉलेजांत त्या स्वतः कांहीं काळ शिकल्या होत्या तेथेंच, एका कार्यक्रमाच्या वेळीं टेलरनें ऐन वेळीं त्यांना पुढें केलें आणि त्यांचेंच एक जुनें गाणें त्यांनाच गावयास लावलें. समोरचीं मुलें तें गाणें लहानपणापासून ऐकत आलेलीं; तें या बाईंचें आहे हें त्यांना तेव्हांच कळलें. त्या दिवशीं कोणी हंसलें असतें तर ‘टॅपेस्ट्री’ निघाली असती कीं नाहीं, कोणास ठाऊक.

दुसऱ्या तबकडीचें काम अ‍ॅडलर यांनीं स्वतः हातीं घेतलें. त्यांची आतां स्वतःची कंपनी होती. १९७१ च्या जानेवारींत हॉलिवुडमधील ‘ए अँड एम’ कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम झालें. ही जागा म्हणजे मूळचा चार्ली चॅप्लिन यांचा स्टुडिओ. ज्या आवारांत मूकपटांचें युग गाजलें तेथें आतां गाणीं घुमत होतीं. त्याच आवारांत पलीकडच्या दालनांत जोनी मिचेल या गायिकेच्या ‘ब्लू’ या तबकडीचें काम चाललें होतें, आणि गांवांत दुसरीकडे टेलर आपली तबकडी करीत होता. ही मंडळी एकमेकांकडे जात-येत आणि एकमेकांच्या गाण्यांत साथ करीत.

अ‍ॅडलर यांच्यापुढें नमुना एकच होता: ते जुने, परत न मिळणारे डेमो. ऐकणाराला असें वाटलें पाहिजे कीं बाई आपल्याच घरीं पियानोशीं बसून आपल्यासाठीं गात आहेत, हा त्यांचा आग्रह. त्या काळीं विजेच्या गिटारींचा कल्लोळ आणि पन्नास वाद्यांचा ताफा यांची चढाओढ चालू होती. येथें पियानो अगदीं पुढें ठेवला. ढोल, मंद्र गिटार, साधी गिटार हीं मागें. आणि तंतुवाद्यांची योजना जेथें होती तेथें ती किंगबाईंनींच लिहिली. कागदाचा जो बेत एरव्हीं फेंकून द्यावयाचा, तोच या वेळीं पोशाख म्हणून वापरला, असें म्हटलें तरी चालेल.

एकंदर बारा गाणीं. त्यांपैकीं तीन गॉफिन यांच्याबरोबर केलेलीं, दोहोंचे शब्द टोनी स्टर्न या तरुण कवयित्रीचे, आणि उरलेल्या सात गाण्यांत शब्दहि किंगबाईंचे. दहा वर्षें ज्यांनीं शब्द नवऱ्यावर सोंपविले त्यांनीं ते आतां स्वतः लिहिले, आणि ते साधे लिहिले. दूर असलेल्या माणसाची आठवण, घरची ओढ, मैत्रीचें आश्वासन, याहून गहन विषय त्यांत नाहीं. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ हें मैत्रीचें गाणें टेलरनें नाट्यगृहांत ऐकलें, त्याला तें इतकें आवडलें कीं त्यानें तें आपल्या तबकडींत घेण्याची परवानगी मागितली, आणि बाईंनीं आपल्या तबकडीच्या फायद्यातोट्याचा विचार न करतां ती दिली. धंद्याच्या दृष्टीनें हा वेडेपणाच. टेलरचें तें गाणें त्याच वर्षीं पहिल्या क्रमांकावर गेलें.

पण तबकडीचा प्राण आहे तो जुन्या दोन गाण्यांत. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ मधील प्रश्न असा कीं, आज रात्रीं जें प्रेम दिसतें आहे तें सकाळ झाल्यावर टिकेल काय? शिरेल्स मुलींनीं तें गायिलें तेव्हां चाल ठसकेबाज होती, तंतुवाद्यें नाचत होतीं, आणि विचारणारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची वाटे. तिच्या प्रश्नांत धास्तीपेक्षां हुरहुरच अधिक. किंगबाईंनीं तेंच गाणें लय पुष्कळ खालीं आणून गायिलें. मागें टेलर आणि मिचेलबाई यांची अगदीं हलकी साथ. आणि आतां विचारणारी बाई अठ्ठावीस वर्षांची, एक लग्न मोडलेली, दोन मुलींची आई. हिला त्या प्रश्नाचें एक उत्तर एकदां मिळून चुकलें आहे, आणि तरीहि ती तो पुन्हां विचारते. शब्द बदलले नाहींत, चाल बदलली नाहीं. शब्द तर ज्या नवऱ्याशीं काडीमोड झाली त्याचेच आहेत! दहा वर्षांच्या अनुभवानें एकाच गाण्याचीं दोन गाणीं झालेलीं पाहावयाचीं असतील तर याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

दुसरें ‘अ नॅचरल वुमन’. अरीथाबाईंचा आवाज म्हणजे प्रार्थनामंदिरांत घडलेला, आकाशाला भिडणारा. त्यांच्यानंतर तें गाणें गाणें म्हणजे जाणूनबुजून हार पत्करणें. किंगबाईंनीं स्पर्धा केलीच नाहीं. पियानो, एक मंद्र वाद्य आणि आपला थोडासा खरखरीत, मर्यादित आवाज, एवढ्यावर त्यांनीं तें निभावून नेलें. त्यांचा आवाज मोठा नाहीं हें कबूल केलेंच पाहिजे. वरच्या स्वरांत तो ताणतो आणि कोठें कोठें चिरकतोहि. पण गळ्याची ही अपुरी बाजूच या गाण्यांना जवळचें करते.

स्टर्नबाईंच्या शब्दांचें ‘इट्स टू लेट’ हें गाणें या सर्वांत अधिक गाजलें. प्रेम सरलें आहे; आतां उशीर झाला; दोष कोणाचाच नाहीं, असें एक स्त्री शांतपणें सांगते. रडारड नाहीं, शाप नाहीं, ‘तूं मला सोडून गेलास’ ही जुनी तक्रार नाहीं. कॅलिफोर्निया राज्यांत १ जानेवारी १९७० पासून घटस्फोटाचा नवा कायदा अंमलांत आला होता. त्या देशांतील हा अशा तऱ्हेचा पहिलाच कायदा. त्यान्वयें नवरा किंवा बायको यांपैकीं कोणाचा अपराध झाला हें कोर्टापुढें शाबीत करावें लागत नसे. संसार सावरण्यापलीकडे गेला आहे एवढें पुरे होई. गाणें कायद्यावरून सुचलें असें मुळींच नाहीं. पण कायद्याच्या पुस्तकांत जो बदल झाला तोच घराघरांतील मनांतहि होत होता, आणि त्याला सुसह्य अशी भाषा कोणी दिली नव्हती. ती या चार मिनिटांच्या गाण्यानें दिली. हजारों स्त्रियांनीं ही तबकडी घरीं नेली ती केवळ चालीसाठीं खास नव्हे.

सगळींच गाणीं या तोलाचीं आहेत असें मात्र नाहीं. ‘स्मॅकवॉटर जॅक’ ही बंदुकबाजाची गोष्ट इतर गाण्यांच्या पंगतींत परकी वाटते, आणि जिच्यावरून तबकडीला नांव मिळालें त्या गाण्यांतलें रूपक ओढूनताणून आणलेलें आहे. ‘व्हेअर यू लीड’ हें गाणें तर पुढें बाईंनाच खटकूं लागलें. पुरुष नेईल तेथें स्त्रीनें मागोमाग जावें, असा त्याचा आशय. स्त्रियांची चळवळ जोरांत आल्यावर तें गाण्याचें त्यांनीं सोडून दिलें. अखेर २००० सालीं एका दूरचित्रवाणी-मालिकेसाठीं त्याचे शब्द फिरविण्यांत आले आणि किंगबाई व त्यांची कन्या लुईझ गॉफिन यांनीं तें आई-मुलीचें गाणें म्हणून गायिलें. तोच आशय आईच्या तोंडीं मुळींच खटकत नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

वेष्टनावरील छायाचित्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. गायिका म्हटली कीं झगमगीत पोशाख आणि रंगविलेला चेहरा, ही त्या काळची चाल. या चित्रांत किंगबाई आपल्या घरच्या खिडकींत बसल्या आहेत: अनवाणी, केंस मोकळे, अंगांत जाडेंभरडें विजार-स्वेटर, हातांत स्वतः केलेलें भरतकाम, आणि पुढ्यांत घरचें मांजर. दुकानांत जाऊन ही तबकडी उचलणाऱ्या बाईला त्यांत एखादी नटी न दिसतां शेजारीण दिसली.

समीक्षकांचें स्वागत आरंभापासून अनुकूल होतें. ‘रोलिंग स्टोन’ पत्रांत जॉन लँडाऊ यांनीं तिची मनमोकळी प्रशंसा केली. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ या तिखट लेखणीच्या टीकाकारानें तर असें मत दिलें कीं, गाणाऱ्या स्त्रीच्या आवाजावर घोटीवपणाची जी सक्ति होती तींतून तो येथें मोकळा झाला. लोकांनीं मात्र जरा वेळ घेतला. फेब्रुवारींत निघालेली तबकडी जूनमध्यें यादीच्या शिरोभागीं पोंचली, आणि मग सलग १५ आठवडे तेथून हलली नाहीं. यादींत ती त्यापुढेंहि राहिली ती एकूण ३०० हून अधिक आठवडे, म्हणजे जवळ जवळ सहा वर्षें. जगभर मिळून अडीच कोटींच्या घरांत प्रती खपल्या असाव्या, असा नेहमीं देण्यांत येणारा अंदाज आहे.

१९७२ च्या मार्चमध्यें ग्रॅमी पारितोषिकें जाहीर झालीं. वर्षांतील उत्कृष्ट तबकडी, उत्कृष्ट ध्वनिमुद्रण, उत्कृष्ट गीत आणि स्त्री-गायनाचें पारितोषिक अशीं चार एकट्या किंगबाईंना मिळालीं. गीताचें पारितोषिक ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ ला होतें. एकट्या स्त्रीनें रचलेल्या गीताला तें मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच गीताच्या गायनासाठीं पुरुषांचें पारितोषिक टेलरला मिळालें, म्हणजे तो वेडेपणा दोघांनाहि फळला. समारंभास बाई गेल्या नव्हत्या. घरीं अडीच महिन्यांची तान्ही मुलगी होती. पारितोषिकें अ‍ॅडलर यांनीं स्वीकारलीं.

त्यानंतरहि त्यांनीं पुष्कळ तबकड्या केल्या. लगेच निघालेली तिसरी पहिल्या क्रमांकावर गेलीहि. पण ‘टॅपेस्ट्री’ची सर कोणत्याच तबकडीला आली नाहीं. कसोटी लागली ती दुसऱ्या वेळीं नव्हे, तर दुसरीनंतर प्रत्येक वेळीं. पुढें त्या आयडाहो राज्याच्या डोंगराळ भागांत जाऊन राहिल्या. २००३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत या तबकडीची नोंद केली. रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत गॉफिन-किंग जोडीला रचनाकार म्हणून १९९० सालींच प्रवेश मिळाला होता. गायिका म्हणून किंगबाईंना तो मिळाला २०२१ सालीं. २०१६ च्या जुलैंत लंडनच्या हाइड पार्कमध्यें, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं तबकडींतील बाराहि गाणीं अफाट समुदायापुढें गायिलीं. रंगमंचाला भिणारी ती हीच बाई!

त्याच्या आदल्या डिसेंबरांत वॉशिंग्टन येथील केनेडी केंद्रांत त्यांचा गौरव झाला. सत्कारमूर्ति सज्जांत बसते आणि इतर कलावंत तिचीं गाणीं गातात, अशी तेथील प्रथा. अखेरीस रंगमंचावर अरीथा फ्रँकलिन आल्या, अंगावर लांब केसाळ कोट. त्या सरळ जाऊन पियानोशीं बसल्या आणि स्वतःच वाजवीत ‘अ नॅचरल वुमन’ गाऊं लागल्या. दोघीहि १९४२ सालच्या. पहिले कांहीं स्वर ऐकतांच सज्जांत किंगबाईंना आनंद आवरेना. त्या कठड्यावर वांकून, दोन्ही हात हालवीत, शब्दाला शब्द जुळवूं लागल्या. खालीं अरीथाबाई पियानो सोडून उठल्या, पुढें आल्या, अंगावरचा कोट त्यांनीं खालीं टाकला आणि वरचा स्वर लावला.